'अ‍ॅल्युमिनियमविरहित' या शब्दाची किंमत

(ठाण्यातील एका निवासी संकुलाच्या कौटुंबिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "काखेला लावायचा डिओ." दूरध्वनीवर पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग अत्यंत अदबीने पृच्छा झाली, "म्हणजे सांस्कृतिक आक्रमण वगैरे अंगाने बोलणार का?" मी उत्तरलो, "नाही. हिशेबाच्या अंगाने बोलणार आहे." तेव्हा आज मी हिशेब मांडण्यासाठी उभा आहे. तो केवळ रुपयांचा नाही, हे ओघात स्पष्ट होईलच.

विषय आमच्या घरातच निघाला. महिन्याच्या किराण्याचे बिल तपासण्याची माझी जुनी सवय आहे. एका महिन्यात त्यात ४४९ रुपयांची एक नोंद दिसली. ५० मिलीलिटरची एक चिमुकली बाटली! त्याआधी घरात येणारी तेवढीच बाटली १९९ रुपयांची होती. कन्येला विचारले, तर ती म्हणाली, "बाबा, हे नॅचरल आहे. यात अ‍ॅल्युमिनियम नाही. त्याने कॅन्सर होतो, सगळ्यांना माहीत आहे." मी कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. परंतु तीस वर्षांच्या पत्रकारितेने एक खोड लावली आहे. 'सगळ्यांना माहीत आहे' असे कोणी म्हणाले की, पहिल्यांदा कोणाला माहीत झाले आणि कशावरून, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. पुढचे काही महिने मी वाचत होतो, त्वचारोगतज्ज्ञांना आणि औषध दुकानदारांना प्रश्न विचारून भंडावत होतो. हाती जे लागले, ते आपल्यापुढे ठेवतो.

घाम निर्दोष आहे

आरंभी एका गैरसमजाचे निराकरण करू. घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. आपल्या शरीरात घामाच्या प्रमुख दोन प्रकारच्या ग्रंथी आहेत. एक प्रकार सर्वांगावर पसरलेला असतो. त्यातून पाणी आणि मीठ स्रवते व अंग थंड राहते. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी काखेत आणि जांघेत असतात. त्या वयात आल्यावर कार्यरत होतात आणि त्यांचा स्राव काहीसा दाट, स्निग्ध असतो. लहान मुले दिवसभर मैदानावर घामाघूम झाली तरी त्यांच्या काखेला मोठ्यांसारखा दर्प येत नाही, त्याचे कारण हेच.

हा दाट स्रावही ताजा असताना गंधहीनच असतो. त्वचेवर वस्ती करून असलेले जीवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून तीव्र वासाची द्रव्ये तयार होतात. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये अशा एका जीवाणूतील नेमके कोणते विकर हे काम करते, त्याची रचनाही उलगडून दाखवली. म्हणजे वास घालवण्याचे मार्ग दोनच. जीवाणूंना आवर घाला, नाहीतर त्यांचे खाद्य, म्हणजे घाम, त्वचेवर येऊ देऊ नका. बाजारातील सारा पसारा या दोन वाक्यांत बसतो. जो नुसताच अत्तराचा फवारा असतो, तो वास घालवत नाही, फक्त झाकतो.

एका नावाखाली दोन वस्तू

आपण सरसकट ज्याला 'डिओ' म्हणतो, त्यात प्रत्यक्षात दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली डिओडरंट, म्हणजे दुर्गंधनाशक. ते जीवाणूंना अटकाव करते आणि सुवास देते. घाम मात्र येतच राहतो. दुसरी अँटिपर्स्पिरंट, म्हणजे घामरोधक. यात अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाच्या संपर्कात आले की स्वेदवाहिनीच्या तोंडाशी एक मऊसर बूच तयार होते आणि घाम तात्पुरता अडतो. त्वचेचे पापुद्रे नैसर्गिकरीत्या झडतात, तसे हे बूचही निघून जाते.

आता यातील खरी मेख ऐका. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात ते घामरोधकात. आपल्याकडे तरुण मुले शर्टावर फुसफुस मारतात, त्या बहुतेक बॉडी स्प्रेंमध्ये मद्यार्क, सुगंधी द्रव्य आणि डबा दाबाखाली ठेवणारा वायू एवढेच असते. त्यात अ‍ॅल्युमिनियम मुळातच नसते. डबा अ‍ॅल्युमिनियमचा असेल, पण तो काही काखेला लावायचा नाही. जी वस्तू साध्या, स्वस्त स्प्रेतही नव्हती, ती 'आमच्यात नाही' असे मोठ्या अक्षरांत छापून दुप्पट दाम घेणे म्हणजे 'आमच्या दुधात हाडे नाहीत' अशी पाटी गवळ्याने लावण्यासारखे आहे! वाक्य खोटे नाही. पण त्या वाक्याचे पैसे आपण का द्यावेत?

म्हणून पहिली सूचना: बाटलीची पुढची बाजू विक्रेत्याची असते, मागची बाजू ग्राहकाची. मागे घटकांची यादी असते. तीत 'अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट' किंवा 'अ‍ॅल्युमिनियम झिर्कोनियम' अशी अक्षरे असतील, तर ते घामरोधक. नसतील, तर आपला रोजचा डिओ आधीपासूनच अ‍ॅल्युमिनियमविरहित आहे. जास्तीचे पैसे खर्च न करता आपण नैसर्गिक जीवनशैलीत प्रवेश केला, असे समजावे.

भीतीचा पहिला बाजार

या क्षारांचा इतिहास मनोरंजक आहे. घामरोधक द्रव्य बाजारात आले ते अमेरिकेत, १९०३ मध्ये. ते अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे आम्लधर्मी द्रावण होते. त्याने त्वचेची आग होई आणि कपडे विरत. पुढे सिनसिनाटी शहरातील एडना मर्फी या तरुणीने वडिलांनी तयार केलेले असेच द्रव्य विकायला आरंभ केला. वडील शल्यचिकित्सक होते. शस्त्रक्रियेच्या वेळी हातांना घाम येऊ नये, यासाठी त्यांनी ते तयार केले होते. एडनाबाईंना गिऱ्हाईक मिळेना, कारण घाम येणे हा काही आजार आहे, असे कोणाला वाटतच नव्हते.

मग जेम्स यंग नावाच्या जाहिरातलेखकाने १९१९ मध्ये स्त्रियांच्या एका प्रतिष्ठित मासिकात जाहिरात दिली. तिचा मथितार्थ असा की, बाई, तुझ्या अंगाला वास येतो, तुझ्यामागे लोक कुजबुजतात, आणि तुला मात्र ते कळत नाही. संतापून सुमारे दोनशे वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. मात्र वर्षभरात त्या द्रव्याची विक्री दुपटीहून अधिक झाली! गरज नव्हती, म्हणून आधी लाज निर्माण केली गेली. लाज निर्माण झाली, तशी गरज आपोआप आली.

आपल्याकडे सुगंधाचा विचार पुरातन आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'गंधयुक्ती' या नावाने सुगंधनिर्मितीचा स्वतंत्र अध्याय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधसार' आणि 'गंधवाद' हे सुगंधशास्त्रावरील ग्रंथ प्रकाशात आणले. त्यांपैकी 'गंधवादा'वर तर मराठी टीका आहे. वाळा, चंदन, नागरमोथा, कचोरा ही आपल्या उटण्यातली मंडळी आहेत. परंतु या परंपरेत सुगंध हा आनंदाचा, मंगलतेचा विषय होता. शेजारणीच्या कुजबुजीची धास्ती घालून तो विकला जात नव्हता. हे मी गौरवासाठी सांगत नाही. आजचे काही विक्रेते बाटलीवर वाळ्याची जुडी आणि तांब्याचा गडू छापून तीच धास्ती नव्या वेष्टनात विकत आहेत, म्हणून सांगतो.

भीतीचा दुसरा बाजार

१९९० च्या दशकाच्या अखेरीस ई-मेलमधून एक निनावी मजकूर जगभर फिरला. घामरोधकामुळे शरीरातील विषारी द्रव्ये काखेतून बाहेर पडू शकत नाहीत, ती लसिकाग्रंथींत साचतात आणि त्यातून स्तनाचा कर्करोग होतो, असा त्याचा आशय होता. स्तनाच्या गाठी काखेकडच्या वरच्या भागात अधिक आढळतात, हा पुरावा म्हणून जोडलेला होता. आज तोच मजकूर मोबाइलवर 'आपल्या भगिनींना पाठवा' या विनंतीसह येतो.

शरीरशास्त्र काय सांगते? शरीरातील अपायकारक द्रव्ये निकामी करून बाहेर टाकण्याचे काम प्रामुख्याने यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घामाचे मुख्य काम अंग थंड ठेवण्याचे. लसिकाग्रंथी आणि स्वेदग्रंथी यांना जोडणारी अशी कोणतीही मोरी नाही, जी तुंबावी. आणि काखेकडच्या भागात गाठी अधिक आढळतात, कारण स्तनाची ग्रंथिल ऊती त्या भागात अधिक असते. जेथे घरे जास्त, तेथे चोऱ्याही जास्त. त्यासाठी काखेतल्या बाटलीला आरोपी करण्याचे कारण नाही.

अफवा म्हणून विषय सोडून न देता शास्त्रज्ञांनी त्याची तपासणी केली, हे महत्त्वाचे. अमेरिकेत सिएटल येथील संशोधकांनी २००२ मध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या ८१३ स्त्रिया आणि न झालेल्या ७९३ स्त्रिया यांची तुलना प्रसिद्ध केली. घामरोधकाचा, दुर्गंधनाशकाचा किंवा केस काढून लगेच ते लावण्याचा कर्करोगाशी संबंध आढळला नाही. त्वचेतून किती अ‍ॅल्युमिनियम आत जाते, याचा एक छोटा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक पुरुष आणि एक स्त्री, एवढेच त्यात होते. लावलेल्यापैकी सुमारे ०.०१२ टक्के शरीरात गेले. २०२० मध्ये युरोपीय संघाच्या ग्राहक-सुरक्षा वैज्ञानिक समितीने उपलब्ध पुरावा तपासून निर्वाळा दिला की, स्प्रे नसलेल्या घामरोधकात ६.२५ टक्क्यांपर्यंत आणि स्प्रेत १०.६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅल्युमिनियम सुरक्षित आहे. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने २०१४ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला होता. २०२० मध्ये नवा पुरावा पाहून तिने तो सौम्य केला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑस्ट्रियातील २०१७ च्या एका अभ्यासात, तिशीच्या आत दिवसातून अनेकदा अशी प्रसाधने वापरत होतो, असे सांगणाऱ्या स्त्रियांत रोगाचे प्रमाण अधिक दिसले. परंतु हा अभ्यास आठवणींवर आधारलेला होता. रोग झालेला माणूस 'माझे काय चुकले?' या प्रश्नाने आपल्या भूतकाळाचा कोपरा न् कोपरा उकरतो. निरोगी माणूस तसे करत नाही. त्यामुळे एवढ्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. पत्रकार या नात्याने मी इतकेच म्हणेन की, या आरोपपत्रावर दोषसिद्धी होणार नाही.

एक अपवाद मात्र खरा आहे. शरीरात गेलेले अ‍ॅल्युमिनियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. ज्यांची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, त्यांनी घामरोधक वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. अमेरिकेत तशी सूचना वेष्टनावर छापणे सक्तीचे आहे. आणि मॅमोग्राफीच्या दिवशी काखेला काहीही लावून जाऊ नये. या क्षारांचे कण चित्रात शंकास्पद ठिपक्यांसारखे दिसू शकतात.

तुरटीची गंमत

आता आपल्या घरातल्या तुरटीकडे येऊ. न्हाव्याने दाढी झाल्यावर गालावरून फिरवायची, गढूळ पाण्यात फिरवली की गाळ खाली बसवायची, ती ही तुरटी. रसशास्त्राच्या ग्रंथांत तिला सौराष्ट्री, कांक्षी अशी नावे आहेत. हीच तुरटी तासून, गुळगुळीत करून, नक्षीदार डबीत घालून 'नैसर्गिक स्फटिक डिओडरंट' म्हणून आज विकली जाते.

आणि तुरटी म्हणजे काय? पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे सल्फेट! अ‍ॅल्युमिनियम या धातूचे नावच मुळी तुरटीच्या लॅटिन नावावरून पडले. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमला घाबरून ग्राहक जो नैसर्गिक स्फटिक महागात घेऊन येतो, त्यात अ‍ॅल्युमिनियमच असते. वेष्टनावर बारीक अक्षरांत 'अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट नाही' असे लिहिलेले असते. तेही खोटे नाही. शब्द खरे आणि अर्थ खोटा, ही कला जाहिरातशास्त्रात चांगलीच विकसित झालेली आहे.

याचा अर्थ तुरटी वाईट, असा मुळीच नाही. तुरटीने काखेतील जीवाणूंना काही प्रमाणात आळा बसतो. स्नानानंतर ओल्या काखेवर हलक्या हाताने फिरवावी, सुकू द्यावी. अनेकांना तेवढे पुरते. माझ्या मोजणीप्रमाणे ३० रुपयांचा खडा वर्षभर संपत नाही. पण ती घ्यायची तर वाण्याकडची घ्यावी आणि अ‍ॅल्युमिनियमची भीती दुकानाबाहेर ठेवून घ्यावी.

हीच गोष्ट 'नैसर्गिक' या शब्दाची. अनेक महागड्या नैसर्गिक रोल-ऑन आणि मलमांत खाण्याचा सोडा असतो. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, सोडा अल्कधर्मी. रोज चोळल्यावर अनेकांची काख लाल होते, आग होते. सुवासासाठी घातलेली वनस्पतिजन्य तेलेही काहींना सोसत नाहीत. त्वचेच्या अ‍ॅलर्जीच्या प्रमुख कारणांत सुगंधी द्रव्ये मोडतात, मग ती प्रयोगशाळेतली असोत वा बागेतली. बिब्बाही नैसर्गिकच आहे, पण तो अंगावर उतला म्हणजे काय होते, हे येथील आजीबाई सांगतील. उलट, अमेरिकेत २०२१ मध्ये काही स्प्रेंत बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य आढळले आणि कंपन्यांना माल परत घ्यावा लागला. संशय डबा दाबाखाली ठेवणाऱ्या वायूवर होता. अ‍ॅल्युमिनियमचा त्यात दोष नव्हता. म्हणजे सारे लक्ष एका शब्दाकडे वळवले की खरा दोष दुसऱ्या दाराने आत येतो.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो. नवे नैसर्गिक द्रव्य लावल्यावर वास आणि घाम वाढला की विक्रेता सांगतो, "तीन-चार आठवडे थांबा, काखेतील विष बाहेर पडते आहे." विष वगैरे काही नाही. घामरोधक थांबले, म्हणून घाम पुन्हा पूर्ववत येऊ लागला, एवढाच त्याचा अर्थ.

मग पैसे कधी द्यावेत?

सरळ उत्तर देतो. ज्यांना घामरोधकाने काखेत पुरळ येते, त्यांनी अ‍ॅल्युमिनियमविरहित पर्याय जरूर घ्यावा. मात्र घटकांच्या यादीत सोडा आणि तीव्र सुगंध नाहीत ना, ते पाहावे. ज्यांना घाम अडवणेच मनाला पटत नाही, त्यांनीही घ्यावा. ती त्यांची आवड आहे आणि आवडीला किंमत असतेच. पांढऱ्या सदऱ्याच्या काखेत पिवळे डाग पडून जे हैराण आहेत, त्यांना फायदा होऊ शकतो, कारण त्या डागांत अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांचा वाटा असतो. या तिन्ही कारणांसाठीही दुप्पट किमतीचीच वस्तू हवी असे नाही, साधा डिओ किंवा तुरटीचा खडा आधी वापरून पाहावा. कर्करोगाच्या भीतीपोटी मात्र एक रुपयाही जादा देण्याचे कारण मला सापडले नाही.

याउलट, काहींना विलक्षण घाम येतो. सदरा पिळावा लागतो, हस्तांदोलनाची लाज वाटते. त्यांच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ अधिक तीव्र अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड देतात, ते रात्री कोरड्या त्वचेवर लावायचे असते. अशा मुलामुलींच्या हातातून ते औषध 'रसायन' म्हणून काढून घेणे हा निसर्गप्रेमाच्या नावाखाली केलेला अन्याय ठरेल. आणि घामाबरोबर वजन उतरत असेल, रात्री अंथरूण भिजत असेल, तर प्रसाधन बदलू नका, डॉक्टरकडे जा.

आमच्या घरचा हिशेब असा. एक बाटली साधारण दीड महिना पुरते. म्हणजे वर्षाला आठ. बाटलीमागे फरक २५० रुपयांचा. माणशी वर्षाला २,००० रुपये. चार जणांच्या घरात ८,०००. त्या बदल्यात मिळणारी आरोग्याची हमी शून्य. आता वेष्टनावर प्रति मिलीलिटर दर छापावा लागतो, तो वाचावा. दाव्याविषयी शंका आली तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक आहे. पर्यावरणाच्या नावाने केलेल्या मोघम आणि फसव्या दाव्यांना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. तक्रार करणारा ग्राहक असेल, तरच ती कागदावरून उतरतील.

बाकी जुने उपाय जुने म्हणून नव्हेत, तर उपयोगी म्हणून सांगतो. स्नानाच्या वेळी काख साबणाने नीट धुवावी आणि, हे बहुतेक जण विसरतात, पुसून पूर्ण कोरडी करावी. उन्हाळ्यात सुती कपडे घालावेत. कृत्रिम धाग्याचे कापड वास धरून ठेवते. घामेजलेला सदरा दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवू नये. कोणताही अनुलेप केस काढल्यावर लगेच लावू नये. यातील एकाही गोष्टीची जाहिरात आपण पाहिली नसेल, कारण त्यात कोणाचा नफा नाही.

चार महिने

इथे भाषण संपवले असते, तर ते ग्राहकजागृतीचे भाषण ठरले असते. परंतु हा विषय मी का निवडला, ते सांगितल्याशिवाय खाली बसणे अप्रामाणिकपणाचे होईल. जे सांगतो आहे, ते माझ्या धाकट्या बहिणीच्या संमतीने.

काही वर्षांपूर्वी तिला स्नान करताना काखेजवळ, स्तनाच्या वरच्या बाजूला, हरभऱ्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. ती शिकलेली, नोकरी करणारी बाई. त्याच सुमारास तिला तो मजकूर आला होता. तिने काय केले? वर्षानुवर्षे वापरातले घामरोधक कचऱ्यात टाकले, महागडे नैसर्गिक आणले आणि वाट पाहिली. 'अ‍ॅल्युमिनियम बाहेर पडले की गाठ विरघळेल,' असे तिने स्वतःला समजावले. एक महिना, दोन महिने, चार महिने. घरात कोणाला सांगितले नाही. मला सांगितले तेव्हा तिचे पहिले वाक्य होते, "दादा, चूक माझीच आहे रे. मी ते रोज लावत होते."

डॉक्टरांनी तपासले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "ताई, चार महिने का थांबलात?" तिच्याकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. शस्त्रक्रिया झाली, पुढचे दीर्घ उपचार झाले. ईश्वरकृपेने आणि वैद्यकशास्त्राच्या बळावर ती आज आपल्या संसारात आहे. त्या चार महिन्यांनी नेमके किती नुकसान केले, हे कोणी मोजून सांगू शकत नाही. पण दोन गोष्टी त्या एका अफवेने निश्चित केल्या. तिचा वेळ घेतला आणि तिच्या माथी खोटा अपराध मारला. दुसरी गोष्ट मला पहिलीहून अधिक क्रूर वाटते.

भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि ९८ हजारांवर भगिनी दगावल्या. म्हणून भीती निराधार नाही. भीतीचा पत्ता चुकला आहे.

योग्य पत्ता आपल्या मुंबईतच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी केली. यंत्र नाही, सुई नाही, महागडी बाटली तर नाहीच. २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने निष्कर्ष प्रसिद्ध केले. या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडला. सर्व वयांचा एकत्रित विचार करता मृत्युदरातील घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. दोन शिकलेल्या हातांची ही किमया आहे.

तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी अशी तपासणी शासकीय आरोग्यकेंद्रांतील राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. किती जणींना हे ठाऊक आहे? येथील पुरुषांना विचारतो, आपल्या पत्नीने, बहिणीने, वहिनीने शेवटची तपासणी कधी केली, हे आपल्याला माहीत आहे का? गाडीच्या विम्याची तारीख आपल्या मुखोद्गत असते. घरातल्या बाईला गाठ लागली, तर ती निःसंकोचपणे सांगू शकेल, एवढी मोकळीक आपल्या घरात आहे का? माझ्या घरात नव्हती. मी घरातला मोठा भाऊ, जगाला प्रश्न विचारून पोट भरणारा. आणि चार महिने मी तिला "कशी आहेस?" याच्यापलीकडे काही विचारले नाही.

आमच्या घरी आता असे ठरले आहे. ती महागडी बाटली बंद झाली. कन्या साधा डिओ वापरते, मी आणि सौ. तुरटी. बाटल्यांच्या फरकाचे पैसे वेगळ्या पाकिटात पडतात आणि त्या पाकिटातून घरातील तिघी जणी, म्हणजे सौ., बहीण आणि वहिनी, दरवर्षी दिवाळीच्या आधी एकत्र डॉक्टरांकडे जाऊन येतात. कोणती तपासणी करायची, ते डॉक्टर वयानुसार ठरवतात. येताना तिघी मिसळ खाऊन येतात. वासाविषयी त्या दिवशी कोणी बोलत नाही.

मित्रहो, आपण कष्टाने मिळवलेला पैसा कोणत्या भीतीवर खर्च करायचा, हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे. तो जाहिरातदाराच्या किंवा अनामिक संदेशाच्या हाती देऊ नका. आज घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. न्हाणीघरातली बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचा. आणि घरातील स्त्रियांना तपासणीविषयी विचारा. पहिल्या गोष्टीने पैसे वाचतील. दुसरीने काय वाचेल, ते मी सांगायला नको.